डॉक्टर, फॉर्म आता भरलाय

डॉक्टर,

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मंडळाने तुमची शोकसभा घेतली. कम्युनिटी सेंटरचा मोठा हॉल, टेबलावर तुमचा फोटो, फोटोला हार. फोटो निवडला तो हॉस्पिटलच्या निरोप समारंभातला, टाय लावलेला. त्यात तुमचा चेहरा असा आहे, की समोरचा काहीतरी ठार चुकीचं बोलतोय आणि तुम्ही केवळ कार्यक्रम हॉस्पिटलचा म्हणून गप्प आहात.

सेक्रेटरींनी मला आधीच कोपऱ्यात घेतलं. "नंदू, तीन मिनिटं. आणि फुटबॉल नको, प्लीज. प्रसंग कुठला आहे बघ."

मग एकेकजण उठला. सेवाभावी. ऋषितुल्य. मितभाषी. 'मितभाषी' ऐकल्यावर मला जो ठसका लागला, तो लोकांना हुंदका वाटला आणि कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. तीस-बत्तीस वर्षं एका शनिवाराआड लाइन्समनच्या नजरेबद्दल, त्याच्या खानदानाबद्दल आणि त्याच्या शिट्टीच्या योग्य जागेबद्दल अस्सल अमरावतीच्या बोलीत मत देणारा माणूस म्हणे मितभाषी. लाइन्समनकडे शिट्टी नसते, झेंडा असतो, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "तपशिलात नको जाऊ बे."

माझी पाळी आली तेव्हा मी अकरा मिनिटं बोललो. सगळं फुटबॉल. चौथ्या मिनिटापासून सेक्रेटरी घड्याळ दाखवत होते. मी त्यांना सांगितलं, इंज्युरी टाइम चालू आहे. तुम्हाला ऋषी करून भिंतीला टांगायचा त्यांचा बेत आहे, डॉक्टर. मी तो हाणून पाडणार आहे, आणि या कामात मला कुणाच्या परवानगीची गरज वाटत नाही.

पण एक गोष्ट मी त्या अकरा मिनिटांत बोललो नाही. तेवढ्यासाठी हे लिहितोय. तिथवर जायला जरा वेळ लागेल, कारण त्यात माझी अब्रू जाते, आणि आहे तेवढी एकदम देऊन टाकायला मन होत नाही.

आपली ओळखच मुळी माझ्या अब्रूवर झाली. मी चिंचवडहून कॉव्हेंट्रीला येऊन वर्ष झालं होतं आणि मंडळाने मला गणपतीच्या मिरवणुकीची सजावट दिली होती. लेझीम पथकाला शेले हवे होते. शेजारच्या गावच्या बाजारात मला एका स्टॉलवर दिसले: झकास भगव्या-सोनेरी रंगाचे, लोकरीचे, दोन्ही टोकांना काळी पट्टी. मी म्हटलं, वा, काठसुद्धा आहे. चोवीस उचलले. त्यावर काहीतरी विणलेलं होतं, एका प्राण्याचं तोंडही होतं, पण मी ते आतल्या बाजूने दुमडायला सांगितलं. अशी माझी दूरदृष्टी.

विसर्जन शनिवारी होतं. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही निघालो आणि चौकात वळतो तो समोरून सगळा रस्ता आकाशी निळा. टीशर्ट, टोप्या, मफलर, हजारोंनी. मला वाटलं, इथेही काही सण आहे. त्या दिवशी आपल्या क्लबाची मॅच नेमक्या त्याच शेजारच्या गावाशी होती, आणि मी चोवीस सज्जन महाराष्ट्रीय माणसांच्या गळ्यात शत्रूचे मफलर बांधून त्यांना घरच्या पाठीराख्यांच्या मधोमध लेझीम खेळायला लावलं होतं.

पोलिसांनी आमच्याभोवती तात्काळ कडं केलं. दोन घोडेस्वार पुढे, दोन मागे. आमचे अध्यक्ष गहिवरले. म्हणाले, "बघ, कौन्सिलने बाप्पाला एस्कॉर्ट दिला." त्या एस्कॉर्टने आम्हाला इमानेइतबारे पाहुण्या टीमच्या गेटवर नेऊन सोडलं. मूर्ती, ढोल, प्रसादाचे डबे, सगळे टर्नस्टाइलच्या रांगेत. गेटवरचा माणूस तिकीट मागत होता आणि अध्यक्ष त्याला मोदक देत होते.

तेव्हा गर्दीतून तुम्ही आलात. निळी टोपी, निळा मफलर, कपाळावर आठ्या. आधी मूर्तीला नमस्कार केलात, मग विचारलंत, "हे डोकं कोणाचं बे?"

चोवीस लेझीमवाल्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"कुठला?"

"चिंचवड."

"म्हणजे पुणेकर. वाटलंच. काढा सगळे ते फडके आन् ढोलात कोंबा. बाप्पाले काऊन हरणाऱ्या टीमकडं बसवून राहिला तू?"

पोलिसांची समजूत तुम्ही काढलीत. मिरवणूक तळ्यापर्यंत पोचवलीत. किकऑफ चुकवलात. बत्तीस वर्षांत तेवढा एकच, हे तुम्ही मला पुढे दर सीझनला ऐकवायचात. तासाभरात मी विचारायची चूक केली, की डॉक्टर, तुम्ही कुठल्या मोठ्या क्लबाचे, मँचेस्टरच्या की लंडनच्या?

तुम्ही असे थांबलात की मला वाटलं आता मलाच तळ्यात सोडतात.

"जिथं राहतो तिथला क्लब," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याच्या घरचं श्रीखंड पाहून आपल्या भाकरीले नाक मुरडायचं नाई."

हे तुमचं पहिलं मत, आणि बाकीची सगळी त्याचीच पिल्लं. गोलकीपर थोडा वेडा असावा. कॅप्टन गावातला असावा. मॅनेजर रडका चालेल, हसरा नको. जुनं मैदान घरांच्या मध्ये होतं म्हणून तिथे माणसं येत होती, नवं स्टेडियम सुपरमार्केटच्या शेजारी आहे म्हणून गिऱ्हाइकं येतात. शिट्टी वाजायच्या आधी उठणाऱ्याला पुढच्या वेळी आत घेऊ नये. मी म्हणायचो, डॉक्टर, नव्या स्टेडियममध्ये टॉयलेट स्वच्छ आहेत. तुम्ही म्हणायचात, टॉयलेट पाहायले इथं कोण आलं बे? यावर आपलं कधी एकमत झालं नाही आणि आता व्हायची शक्यताही नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे. टॉयलेट स्वच्छच हवेत.

मंडळातली मुलं टीव्हीवरच्या क्लबांचे लाल टीशर्ट घालून यायची, तुम्ही त्यांच्या आईबापांना जाब विचारायचात. लोकांना तो तुमचा विक्षिप्तपणा वाटे. मलाही वाटायचा, केनची गोष्ट ऐकेपर्यंत. आपल्या मागच्या रांगेत बसतो तो म्हातारा केन. तुम्ही या शहरात नवे, जुन्या मैदानावर उभ्याने मॅच बघायला गेलात, तेव्हा तरण्या केनने तुम्हाला काय म्हटलं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. एवढंच सांगितलंत, की पुढच्या शनिवारी तुम्ही मुद्दाम त्याच्याच पुढे जाऊन उभे राहिलात. तिसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी बर्फ पडत होता आणि केनने न बोलता आपल्या कपातलं गरम काहीतरी तुमच्यापुढे धरलं. ते तुम्ही प्यालात. ते कुठल्या जनावराचं सार होतं हे तुम्हाला नंतर कळलं. मी इथे लिहीत नाही, कारण हे वहिनी वाचणार आहेत.

"त्याले वाटलं मी जाईन," तुम्ही म्हणालात. "मी काऊन जाऊ?"

तुम्हाला ऋषी म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं होतं. ऋषी उठून अरण्यात जातो. तुम्ही उठलाच नाहीत.

आता बेसबॉल. याबद्दल मी तुम्हाला मेल्यावरही माफ करणार नाही. तरुणपणी एक वर्ष ट्रेनिंगला अमेरिकेत काय गेलात, तो रोग घेऊन आलात. इथे या देशात, पार्कच्या मागच्या तुकड्यावर, उन्हाळ्यातल्या रविवारी आपली एक टीम खेळायची: एक कॅनडियन मास्तर, दोन अमेरिकन इंजिनिअर, बाकी इथलेच प्लंबर आणि पोस्टमन. प्रेक्षक म्हणजे तुम्ही, मी आणि एक कुत्रा, तोही शेवटपर्यंत थांबत नसे. तुम्ही त्यांना 'आपली दुसरी प्रोफेशनल टीम' म्हणायचात. मी विचारलं, प्रोफेशनल कसे? तुम्ही म्हणालात, "मॅच झाल्यावर सँडविच भेटते त्यांना."

मी म्हणायचो, हे क्रिकेटच आहे, फक्त घाईत केलेलं.

"क्रिकेटचं नको सांगू मले. पाच दिवस खेळतात आन् निकाल नाई. तो काय खेळ हाय का कोर्ट?"

"आणि यात काय आहे?"

"यात घड्याळ नाई. शेवटचा गडी बाद होईतो कोणी हरला नाई. पाहून ठेव."

मी पाहून ठेवलं, आणि त्यातूनच माझा तो दुसरा पराक्रम घडला. शेवटचा डाव, आपण एका रनने पुढे, त्यांचा एकच गडी बाद व्हायचा. बॉल उंच उडाला तो सरळ माझ्या खुर्चीकडे. आपला पोस्टमन हातमोजा पसरून तो झेलायला जिवाच्या आकांताने धावत येत होता. तो आला तेव्हा मी उभा होतो आणि बॉल माझ्या हातात होता. नुसत्या हातात, डॉक्टर. चिंचवडच्या गल्ली क्रिकेटमध्ये असे झेल मी डोळे मिटून घेतलेत. मी बॉल हवेत उडवून अपीलसुद्धा केलं. मैदानावर असं सुतक पसरलं की मला वाटलं माझ्या झेलाने सगळे भारावलेत. पोस्टमनने झेलला असता तर मॅच तिथेच संपली होती. मी झेलल्यामुळे बॅट्समनला जीवदान मिळालं, आणि पुढचाच बॉल त्याने झाडांपलीकडे घालवला. एक माणूस आधीच बेसवर होता, म्हणजे एका फटक्यात दोन रन. आपण एका रनने हरलो.

पंधरा दिवस तुम्ही माझा फोन उचलला नाहीत. सोळाव्या दिवशी स्वतः केलात. "झेल मात्र चांगला होता," म्हणालात, आणि ठेवून दिलात.

एवढं सगळं हसत लिहिलं. आता पुढचं.

जानेवारीतली ती मॅच. घरच्या मैदानावर आपण चार-शून्यने मागे, पाऊस तिरका, आणि सत्तराव्या मिनिटाला मी उठलो. तुम्ही वर पाहिलंत. मी म्हटलं, "डॉक्टर, हे फुटबॉल नाही, पोस्टमॉर्टेम आहे. चला, कार पार्क तुंबायच्या आत निघू." तुम्ही पुन्हा मैदानाकडे पाहिलंत. मी गाडीत हीटर लावून बसलो. तुम्ही शिट्टी वाजल्यावर आलात, निथळत. शेवटच्या मिनिटाला आपल्या एका नव्या पोराने गोल घातला होता. चार-एक. घरी पोचेपर्यंत तुम्ही एकच वाक्य बोललात: "कोपऱ्यातून घातला बे त्यानं."

तो गोल तुम्ही एकट्याने पाहिलात. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि ती माझी होती. पुढच्या मॅचला तुम्ही हॉस्पिटलात होता.

त्या आठवड्यात क्लबाचा लिफाफा आला होता. पुढच्या सीझनसाठी आपल्या दोन्ही सीट्सचा फॉर्म, नेहमीसारखा माझ्याच पत्त्यावर. मी ठरवलं होतं, बास. आठ वर्षं खूप झाली. शनिवार मोकळा ठेवू, टीव्हीवर चांगलं फुटबॉल बघू. फॉर्म मी गाडीच्या ग्लव्हबॉक्समध्ये टाकला आणि तुम्हाला सावकाश सांगू म्हटलं.

मग मी भेटायला आलो. जिथे तुम्ही राउंड घ्यायचात त्याच वॉर्डात तुम्ही पडलेले, आणि नर्सना त्यांचं काम शिकवत असलेले.

"फॉर्म भरला का बे?"

"भरला."

"दोघांचा?"

"दोघांचा."

"मंग माही सही?"

"मीच ठोकली."

तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. "डॉक्टरची सही. कोणालेही जमते."

मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पेनल्टी दिली की नाही हे रेफरीच्या तोंडावर शोधावं तसे. मी खिडकीबाहेर पाहिलं. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

हे मी शोकसभेत बोललो नाही. कधीच बोललो नसतो, अशी माझी योग्यता आहे. पण तुमच्या तेराव्यानंतर कुसुमवहिनींचा फोन आला. क्लबाचं स्मरणपत्र या वेळी तुमच्या घरी आलं होतं.

"भाऊजी, हे म्हणतात फॉर्म पोचलाच नाही. पोस्टात गहाळ झाला असेल का?"

बघा, किती छान दार उघडून दिलं होतं त्यांनी. पोस्टाला या देशात कुणीही शिव्या घालतं. मी "हो, तसंच झालं असेल" एवढं तोंडापर्यंत आणलं. मग म्हटलं, "वहिनी, मी घरी येतो." त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांनी पुढे ठेवलेला चहा निवेपर्यंत, मी सगळं सांगितलं. ग्लव्हबॉक्स, सही, सगळं.

त्या ओट्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी मला म्हणाले होते, नंद्यानं फॉर्म भरला, एक काम मिटलं."

मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"तुम्ही रडू नका," वहिनी म्हणाल्या. "भरा आता. त्यांच्या समजुतीत ते भरलेलं आहे. तसंच राहू दे."

मुदतीचा शेवटचा दिवस होता. आम्ही तिकीट ऑफिसला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटर पाहिला आणि नम्रपणे सांगितलं, की धारक हयात नसेल तर सीट क्लबाकडे परत येते, मग मागणाऱ्याला दिली जाते. मी म्हटलं, आपल्या क्लबाची सीट मागणारा माणूस आहे तरी कोण, त्याला मला भेटायचंय. त्या हसल्या नाहीत. मग मी भाषण सुरू केलं. जुनं मैदान, बर्फ, लेझीम, सगळं काढलं. मागे रांग वाढली. त्यांनी मॅनेजरला बोलावलं. मी मॅनेजरला म्हटलं, ही सीट तुम्ही दुसऱ्याला दिलीत तर मी दर मॅचला येऊन त्या माणसाला डॉक्टर काय म्हणाले असते ते नव्वद मिनिटं ऐकवीन. ही धमकी आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सेवा आहे.

शेवटी त्यानेच वाट काढली. त्याच घरातल्या माणसाच्या नावावर होऊ शकेल.

मी तुमच्या मुलाचं नाव सांगणार होतो, लंडनला राहत असला तरी. वहिनींनी मला कोपराने बाजूला केलं आणि बाईंना इंग्रजीत म्हणाल्या, "गिव्ह मी द पेन." सही केली. प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी.

घरच्या मैदानावरची सीझनमधली शेवटची मॅच काल झाली. तुमच्याच कार्डावर, आता त्यांच्या नावाच्या. वहिनी जाड कोट घालून आल्या, पर्समध्ये चिवडा. तुमच्या जागेवर बसल्या. पाठ ताठ, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसावं तशा. पहिली वीस मिनिटं नजर मैदानावरून हलली नाही. मला वाटलं, मी या बाईला कुठल्या शिक्षेत आणून बसवलंय.

मग त्यांनी मला विचारलं, "तो डावीकडचा, तीन नंबरचा, कोण?"

मी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी आला तेव्हापासून डॉक्टरांचा लाडका. हिरा म्हणायचे त्याला.

"त्याचा उजवा गुडघा गेलाय. वळताना त्या पायावर भार टाकत नाही बघा. तीस वर्षं जेवणाच्या टेबलावर गुडघेच ऐकलेत मी. एवढे हाडांचे डॉक्टर, दोन वर्षं काय बघत होते?"

मी नीट पाहिलं. डॉक्टर, त्याचा गुडघा खरंच गेलाय. त्याच्याच बाजूने दोन्ही गोल झाले. आपण दोन-एकने हरलो. खालच्या डिव्हिजनमध्ये जाणं टळलं ते दुसरं कुणीतरी आपल्याहून वाईट हरलं म्हणून, म्हणजे नेहमीच्याच पद्धतीने. शिट्टी वाजेपर्यंत आमच्या रांगेत आम्ही दोघंच उरलो होतो, आणि मागे केन.

केनने टोपी काढली, पुढे वाकला आणि वहिनींना म्हणाला, तुम्ही मिसेस डॉक्टर ना. डॉक्टर म्हणायचा, ती कधीच येणार नाही.

वहिनींनी चिवड्याची पुडी त्याच्यापुढे धरली. म्हणाल्या, "ही नेव्हर आस्क्ड."

केनने माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्या वतीने काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. अकरा मिनिटं तुमच्याबद्दल बोललेला माणूस मी, पण या एका गोष्टीत मी तुमची बाजू घेतली नाही, डॉक्टर, आणि पुढेही घेणार नाही. बत्तीस वर्षांत एकदा विचारायचं होतंत.

आम्ही ऑगस्टमध्ये, नव्या सीझनला येतोय. दोघंही.